खळग्यातलं धुराडं

कमरेचा दोर एकदा ओढून पाहून हाल्बेरा खळग्यात उतरली. हातातल्या लांब काठीच्या टोकाला तिने वादळी कंदील टांगला होता. तो जमिनीपासून गुडघाभर उंचीवर राहील अशा बेताने काठी पुढे धरून ती चालत होती. ऑगस्टमधली सकाळ होती, लख्ख ऊन होतं. कंदील उजेडासाठी नव्हता, विझण्यासाठी होता.

दोराचं दुसरं टोक वर काठावर तिच्या नवऱ्याच्या, कोल्बेनच्या हातात होतं. कोल्बेन शाळेची बस चालवायचा, चर्चच्या गायनवृंदात वरच्या पट्टीत गायचा आणि उरलेल्या वेळात बायको देईल ते धरून उभा राहायचा.

"कंदील काय म्हणतो?" त्याने वरून विचारलं.

"जळतोय."

"मग आटप लवकर. संध्याकाळी तालीम आहे माझी."

"मी इथे आडवी झाले तर जाशील का तालमीला?"

कोल्बेनने विचार केला. "उशिरा जाईन," तो म्हणाला.

वारा चांगला सुटला होता, म्हणूनच तिने हा दिवस निवडला होता. वारा असला की जमिनीतून झिरपून खळग्यात साचणारा, जीव गुदमरवणारा वायू पातळ होतो. वारा पडला की डबक्यातल्या पाण्यासारखा तळाशी साचून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. उभ्या माणसाला तो कळतही नाही. पण मेंढी उभी राहिली तरी माणसाच्या गुडघ्याइतकीच.

खळग्याच्या मधोमध जमिनीला एक लांबट भेग होती. तिच्याभोवतीचं शेवाळ तांबूस होऊन मेलं होतं आणि जमीन हाताला कोमट लागत होती. हाल्बेराने भेगेवर पांढरं प्लास्टिक अंथरलं, गवताच्या गठ्ठ्यांना गुंडाळतात तेच, चार पदरी. कडांवर तिने गवताळ मातीचे चौकोनी ढेपे एकाला एक खेटून बसवले. तिचा आजा असल्याच ढेप्यांची घरं बांधायचा आणि त्यात वारा शिरत नसे. मग प्लास्टिकला मध्ये भोक पाडून तिथे पाइप उभा करायचा होता. पाइप जुनाच होता. गावाची गरम पाण्याची लाइन बदलली तेव्हा निघालेले पाइप सगळ्यांनीच कधी ना कधी लागतील म्हणून कोठारात रचून ठेवले होते. ते लागल्याचं हे पहिलंच उदाहरण.

गेल्या सप्टेंबरात, पठारावरून मेंढ्या खाली आणायच्या दिवशी, तिची फ्लेक्का याच भेगेजवळ मेली होती.

फ्लेक्का साधी मेंढी नव्हती, म्होरकी होती. या मुलुखात म्होरक्या मेंढ्यांचं वाणच वेगळं. पाय उंच, अंग सडपातळ, मांसाच्या दृष्टीने निरुपयोगी. पण अकलेसाठी त्या इतक्या नावाजलेल्या की हिमवादळात माणसं आपल्या डोळ्यांवरचा भरवसा सोडून म्होरकीच्या मागे चालतात. इथे मंत्र्याबद्दल कोणी चांगलं बोलत नाही आणि म्होरकीबद्दल कोणी वाईट बोलत नाही. त्या दिवशी धुकं होतं, वारा पडलेला होता. फ्लेक्का नेहमीच्या वाटेने खळग्यात उतरली. कुत्रा मात्र काठावर थांबला आणि काही केल्या पुढे जाईना. हाल्बेराने कुत्र्याकडे पाहिलं, म्होरकीकडे पाहिलं, आणि या देशातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं तेच केलं: कुत्र्याला झापलं. तेवढ्यात फ्लेक्का पुढचे पाय दुमडून खाली बसली होती. तिच्या मागच्या मेंढ्यांनाही ते पटलं असावं. एकेक करत त्याही बसल्या.

नंतर डोंगरापलीकडच्या, जमिनीतल्या वाफेवर चालणाऱ्या वीज केंद्रातून एक माणूस उपकरण घेऊन आला होता. तो खळग्याच्या मध्यभागी उभा राहिला, उपकरण त्याच्या कोटाच्या खिशाला लावलेलं होतं, ते गप्प राहिलं. केंद्राने कळवलं की ज्वालामुखीच्या प्रदेशात अशा जागा असतात. हा निसर्ग आहे. केंद्राने दोनच हिवाळ्यांपूर्वी डोंगराच्या अलीकडच्या अंगाला वाफेच्या नव्या विहिरी खोदल्या होत्या, त्यांचा उल्लेख पत्रात नव्हता. हाल्बेराने ते पत्र चुलीत घातलं, पण 'निसर्ग' हा एक शब्द काही जळला नाही.

पाइप उभा करून ती त्याला तारांचे ताण देत होती तेव्हा वरच्या रस्त्यावर केंद्राची पांढरी गाडी थांबली. गाडीतून केतिल उतरला. केतिल केंद्राचा प्रमुख होता आणि हाल्बेराचा धाकटा भाऊ होता. यातलं दुसरं पद त्याला आधी मिळालेलं असल्यामुळे पहिल्याचा तिच्यावर काही परिणाम होत नसे.

"काय चाललंय, बेरा?"

"झाकतेय."

"पाइप कशाला मग?"

"दिसला तुला? बरं झालं. तुझ्या माणसांना गेल्या वर्षी काहीच दिसलं नव्हतं."

केतिलने कोल्बेनकडे पाहिलं. कोल्बेनने दोराकडे पाहिलं. मेहुण्याच्या भांडणात पडायचं नाही हे त्याने लग्नातच ठरवलं होतं.

"हे बघ," केतिल म्हणाला, "वायू जमिनीतून येतो. पणजोबांच्या काळापासून येत असेल."

"पणजोबा याच वाटेने कळप आणायचे. त्यांच्या मेंढ्या नाक दाबून यायच्या का?"

"तेव्हा कोणी मोजलं नव्हतं."

"तेव्हा कोणी मेलं नव्हतं."

तो काठावर उकिडवा बसला. गुडघ्यावर हात ठेवून बसायची त्याची ढब अजून शेतातलीच होती. अंगावरचं जाकीट तेवढं केंद्राचं होतं. "तुला माहीत आहे आम्ही काय करतो. वाफेबरोबर वर येणारा वायू पाण्यात विरघळवून परत खडकात सोडतो. त्याचा तिथे दगड होतो. परदेशातून माणसं बघायला येतात. निसटणारा वायू यंदा निम्म्यावर आणतो असं वर लिहून दिलंय आम्ही."

"दगड होतो ना? मग माझ्या मेंढ्यांच्या नाकात काय गेलं, खडी?"

"बेरा, तो पाइप काढ."

"का?"

केतिलने टोपी काढली, आतून पाहिली, परत घातली. "पाइपातून आलेला वायू मोजावा लागतो," तो म्हणाला.

"आणि नुसता आलेला?"

तो उठला आणि गाडीकडे गेला. हाल्बेराने शेवटची तार ताणली, पीळ घातला आणि पाइपाला हात लावून पाहिला. तो ऊन होता, चांगला ऊन, नुकत्याच भरलेल्या कपासारखा. वरच्या तोंडाशी, खळग्याच्या काठापेक्षा पुरुषभर उंचावर, हवा किंचित थरथरत होती. तिथून पुढचं काम वाऱ्याचं होतं, आणि वाऱ्याला या देशात दुसरं काम नाही.

घरी आल्यावर हात न धुताच तिने राजधानीतल्या कचेरीत फोन लावला. देशातून किती वायू हवेत गेला याची मोजदाद करणारी ती कचेरी.

"माझ्याकडे एक धुराडं आहे," ती म्हणाली. "त्यातून वायू निघतो. कोणालातरी मोजायला पाठवा."

असा फोन त्या कचेरीला बहुधा पहिल्यांदाच आला असावा. लोक इतर प्रकारचे फोन करतात.

मोजायला आलेल्या माणसाचं नाव ओर्लिगुर होतं. उंच, किडकिडीत, शहरी पातळ जाकीट घातलेला. गाडीतून उतरताच वाऱ्याने त्याचं दार हिसकावलं, तेव्हा त्याने दाराची माफी मागितली. हाल्बेराला तो तिथेच थोडा आवडला. वर तो कामाचाही निघाला. खळग्यात उतरून त्याने उपकरण बाहेर काढलं आणि ओल्या शेवाळात सरळ गुडघे टेकले. उपकरण गप्प राहिलं. ढेप्यांच्या कडेने तो रांगत एक फेरी मारून आला. मग शिडी मागून घेतली, पाइपाच्या तोंडाशी चढला आणि उपकरण पुढे केलं. ते इतकं किंचाळलं की खालच्या कुरणातली घोडी कान टवकारून पाहू लागली.

"चालतंय," तो शिडीवरूनच म्हणाला. "खाली काही नाही, सगळं इथून जातंय. कोणी बसवलं?"

"मी. गेल्या वर्षी केंद्राचा माणूस मोजायला आला होता, तो उभा होता."

"वाचलंय मी." ओर्लिगुर खाली उतरला. "पाठ दुखत असेल त्याची."

स्वयंपाकघरात हाल्बेराने कॉफी ओतली, राय नावाच्या धान्याची काळी पोळी कापली, तिच्यावर लोणी आणि धुरावलेल्या मटणाचे काप ठेवले. कोपऱ्यात कोल्बेन स्वरलिपीचे कागद घेऊन बसला होता आणि ओठ न हलवता गात होता.

"अडचण अशी आहे," ओर्लिगुर म्हणाला, "की पाइप राहिला तर तो देशाच्या आकड्यात धरावा लागेल."

"धर."

"आकडा वाढेल."

"पाइप काढला तर वायू थांबेल का?"

"नाही."

"मग काय होईल?"

"तो निसर्गाचा होईल. निसर्गाचं आम्ही मोजत नाही."

"आणि पाइपातून आला की माणसाचा."

"हो."

"वायू तोच?"

"अगदी तोच." त्याने काळ्या पोळीचा घास घेतला. मटण चांगलं होतं, त्यामुळे त्याचा चेहरा क्षणभर त्याच्या बोलण्याशी विसंगत झाला. "नियम मी केलेला नाही. तो परदेशात कुठल्याशा मोठ्या सभागृहात झाला. आम्ही फक्त तो फार मन लावून पाळतो."

"पाइप काढला की खळगा पुन्हा भरेल," हाल्बेरा म्हणाली. "सप्टेंबरात कळप कुठून आणू? एका बाजूला लाव्ह्याचं रान आहे, माणसाचा पाय शिरला तर बाहेर निघत नाही. दुसऱ्या बाजूला नदी. ही एकच वाट आहे. कळप आला नाही तर ही पोळी तू लोण्याबरोबरच खाशील पुढच्या वर्षी, आणि तीही दुसऱ्या कुणाच्या घरी."

"मला काढायला लावायचं नाहीये," ओर्लिगुर म्हणाला. "पण नोंदवायचं तर कुठे नोंदवू? शेतीच्या सदरात मेंढ्यांचे ढेकर येतात. धुराडं येत नाही. ऊर्जेच्या सदरात निसटलेला वायू म्हणून घालता येईल, पण मग धुराड्याच्या मालकाने ऊर्जा निर्माण करायला हवी. तू काही करत नाहीस."

हाल्बेराने पोळीचा आणखी एक काप त्याच्यापुढे सरकवला.

"माझे मोजे वाळतात त्याच्यावर," कोपऱ्यातून कोल्बेन म्हणाला.

ओर्लिगुर त्याच्याकडे वळला. "रोज?"

"पाऊस असला की." कोल्बेनने पान उलटलं. "म्हणजे रोज."

मग तिघंही पुन्हा बाहेर पडले. पाइपाच्या खालच्या भागाला तार गुंडाळलेली होती आणि तिच्यावर लोकरी मोज्यांचे जोड ओळीने लटकत होते. एका टोकाला गायनवृंदाचा पांढरा गळपट्टाही होता. ओर्लिगुरने एक मोजा दोन बोटांत धरला, चुरगाळून पाहिला, गालाला लावला.

"भूगर्भातल्या उष्णतेचा थेट वापर," तो म्हणाला, मयताला गेल्यावर अचानक ओळखीचं माणूस भेटावं तशा आवाजात.

"म्हणजे मी उत्पादक."

"म्हणजे तू उत्पादक. फार लहान."

"लहान असो. उत्पादक झालं की वायूचा नमुना घ्यावा लागतो ना?"

ओर्लिगुरने मोजा परत तारेवर घातला. नीट, टाच खाली येईल असा. घालून झाल्यावरही तो थोडा वेळ मोज्याकडेच पाहत राहिला.

"निसर्गाचा नमुना कोणी घेत नाही," हाल्बेरा म्हणाली. "मी विचारून पाहिलं होतं. उत्पादकाचा घ्यावाच लागतो. आणि नमुना पाहिला की तो कुठल्या थरातून आला ते कळतं. माझ्या खळग्याखालच्या, की केंद्राच्या विहिरींनी डोंगराखालून ढोसून इकडे ढकललेल्या."

"तू नियम वाचलेस."

"हिवाळा मोठा असतो इथे."

"केंद्राचा प्रमुख तुझा भाऊ आहे ना?"

"तुला कसं माहीत?"

"त्याची बायको माझी आत्तेबहीण." ओर्लिगुरने पातळ जाकिटाची कॉलर वर केली. "या देशात मोजायला कुठेही गेलं तरी हे असतंच. म्हणून तर आपण निसर्गावर इतकं सोपवतो. त्याचे नातेवाईक नाहीत."

नमुन्याची बाटली घेऊन तो मेंढ्या उतरवण्याच्या दिवसानंतर येणार होता. तोवर पाइपाला कोणी हात लावायचा नाही, असं त्याने एका चिठ्ठीवर लिहून सही केली. शेजारच्या उत्पादकाला कळवणं नियमात बसत होतं, त्यामुळे तो जाता जाता केंद्रावरही कळवून गेला.

केतिल आला तो दोन आठवड्यांनी, दुपारच्या कॉफीच्या वेळेला, हातात आठवड्याच्या बाजाराची पिशवी घेऊन. सप्टेंबरात सगळे घरी येतात. शहरात वकिली करणारे येतात, बोटींवरचे येतात. ज्याच्या वडिलांचा कळप इथल्या पठारावर चरला तो मेंढ्या उतरवायच्या दिवशी घोड्यावर किंवा पायी कळपामागे असतोच. केतिलचं एकही वर्ष चुकलं नव्हतं. पण आज तो टेबलाशी बसला तो पाहुण्यासारखा, खुर्चीच्या कडेवर.

"नमुना घेऊ नकोस," तो म्हणाला.

"मी घेत नाहीये. ओर्लिगुर घेतोय."

"त्याला सांग पाइप पडला. वाऱ्याने पडला म्हणून सांग."

"वाऱ्यावर कशाला आळ घेऊ? तो इमानाने काम करतोय."

"तुला कळत नाहीये. अलीकडच्या विहिरी बंद करायला लावतील. गावात निम्म्या घरात केंद्राचा पगार येतो."

"मला कळतंय. विहिरी कोण बंद कर म्हणतंय? तुमच्याकडे वायू पुरायची सोय आहे, हाही पुरा. पण पुरायचा तर आधी तो तुमचा आहे असं म्हणावं लागेल. तेवढंच जड जातंय."

केतिल लोण्याची सुरी उचलून तिच्या पात्यावर अंगठा फिरवत राहिला. लहानपणी उत्तर येत नसलं की तो पेन्सिलीशी हेच करायचा.

"तू ते धुराडं माझ्यावर रोखून उभी आहेस, बेरा."

"मी वर रोखलंय. मध्ये तू उभा आहेस."

कोल्बेन कोपऱ्यातून उठला आणि त्याने मेहुण्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. एवढीच मध्यस्थी त्याला जमत असे आणि ती तो मनापासून करत असे.

"यंदापुरती वाट बदल," केतिल म्हणाला. "लाव्ह्याच्या रानातून आण. गोल्सा नेईल. फ्लेक्काचीच पोर आहे ती."

"गोल्सा मागच्या वर्षी आईच्या मागोमाग होती. काठावरून परत फिरली. या वसंतात मी तिला खळग्यापर्यंत नेऊन पाहिलं, ती वाकून आत बघते आणि थांबते. ओढली तरी येत नाही." हाल्बेराने पोळीचे तुकडे ताटलीत गोळा केले. "तो निसर्ग होता हे तिला कोणी समजावलेलं नाही."

"मग तर ती पाइप असला तरी उतरणार नाही."

"बघू."

"आणि नाही उतरली तर?"

"तर मी उतरीन तिच्यापुढे. एकदा कुत्र्याला झापलंय, आता मेंढीला झापणार नाही."

केतिलने कॉफी अर्धी टाकली. या घरात तो पहिल्यांदाच कॉफी टाकून उठला होता. दारात त्याने बूट घालायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

"तू सरळ फिर्याद का नाही केलीस माझ्यावर?" नाडीवर वाकूनच त्याने विचारलं.

"केंद्रावर करता येते. तुझ्यावर कशी करू?"

त्याने गाठ मारली आणि गेला.

मेंढ्या उतरवायच्या दिवशी वारा पडलेला होता. असा दिवस वर्षातून क्वचित येतो आणि लोक त्याची आठवण काढतात. हाल्बेराने त्याला पहाटेपासून शिव्या घातल्या. आभाळ स्वच्छ होतं, डोंगरापलीकडची वाफ दोरीने टांगल्यासारखी सरळ वर गेलेली. पठारावरून कळप खाली वाहत येत होता, पांढरा, तपकिरी, काळा, आणि त्याच्या मागे घोडी, माणसं, हाका, फ्लास्कमधली कॉफी आणि फ्लास्कमधली दुसरी एक गोष्ट. सगळ्यांत पुढे गोल्सा. तिच्या जरा मागे, घोड्याचा लगाम हातात धरून, पायी हाल्बेरा.

दरवर्षी केतिल उजव्या बाजूला नदीच्या अंगाने चालायचा. आज तिथे कोल्बेन होता.

"आला नाही का रे?" मागून कोणीतरी विचारलं.

"काम असेल केंद्रावर," कोल्बेन म्हणाला आणि एक कोकरू वळवायला धावला.

कळप खळग्याच्या जवळ येत होता तशी हाल्बेराची चाल आखडत गेली. ती गोल्साच्या पाठीकडे पाहत होती. गोल्साने मान उंच केली, पावलं लहान केली आणि बरोबर काठावर येऊन थांबली. मागच्या मेंढ्या थांबल्या. त्यांच्या मागच्या त्यांच्यावर येऊन आदळल्या आणि सगळं पठार ओरडू लागलं.

हाल्बेराने लगाम कोल्बेनच्या दिशेने फेकला आणि पुढे होऊन खाली पाहिलं.

पाइप तिचा नव्हता. म्हणजे खालचे ढेपे तिचेच होते, तिने लावले तसेच, पण त्यांच्यातून वर आलेला पाइप नवा होता, चकचकीत पोलादी, तिच्या पाइपापेक्षा दुप्पट उंच, बुडाशी काँक्रीटच्या ठोकळ्यांत घट्ट पकडलेला. त्यावर माणसाच्या नजरेच्या उंचीला एक निळी पाटी बसवलेली होती. अशी पाटी केंद्राच्या आवारातल्या प्रत्येक धुराड्यावर असते. पाटीवर केंद्राचं नाव होतं आणि क्रमांक होता. केंद्राच्या शेवटच्या धुराड्याच्या पुढचा.

आणि पाटीखाली केतिल बसला होता. केंद्राचं जाकीट घालून, शेवाळात फतकल मारून, पाय पुढे पसरून. त्याचं डोकं जमिनीपासून एका मेंढीइतकंच वर होतं. तो कोणाला हात करत नव्हता, हाका मारत नव्हता. नुसता बसून श्वास घेत होता, आणि वारा नसल्यामुळे त्याच्या नाकातून निघणारी वाफ काठावरूनही स्पष्ट दिसत होती.

गोल्सा त्याच्याकडे पाहत राहिली. मागचा गलका हळूहळू कमी झाला. माणसांनाही काहीतरी जाणवलं असावं, कारण दुसऱ्या फ्लास्कवालेसुद्धा गप्प झाले. केतिलने आणखी एकदा श्वास घेऊन सोडला. आणखी एकदा. त्याला घाई नव्हती.

मग गोल्साने पुढचा एक पाय खाली टाकला.

ती उतरली ती त्याच्याजवळून, इतक्या जवळून की तिची लोकर त्याच्या बाहीला घासली, आणि न थांबता समोरचा चढ चढून गेली. तिच्यामागे कळप खळग्यात ओतला जाऊ लागला.

हाल्बेरा त्यांच्यातून वाट काढत खाली आली आणि भावाच्या शेजारी उभी राहिली. पाटी तिने पुन्हा एकदा वाचली. चांगल्या जाड पत्र्याची होती, आणि चारही स्क्रू पक्के.

"कधी केलंस?"

"काल. मुलं आली होती केंद्रातली, मदतीला."

"वरच्यांना सांगितलंस?"

"सोमवारी विचारतील."

"ओर्लिगुर येणार आहे परवा, बाटली घेऊन."

"माझ्याकडे पाठव."

मेंढ्या दोघांच्या दोन्ही बाजूंनी जात होत्या, खोकत, ढकलत, एकमेकींच्या पाठींवर हनुवट्या टाकून.

"ऊठ आता. खाली ओल आहे."

"सगळ्या जाऊ देत."

हाल्बेराने वर काठाकडे नजर टाकली. अर्धा कळप अजून पलीकडेच होता. तिने स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि त्याच्या शेजारी शेवाळात बसली. बसल्यावर मेंढ्यांची तोंडं त्यांच्या तोंडांच्या रेषेत आली.